डाव्या दिव्याचा तुटका कान

गाडीच्या दिव्याला आतून रंग द्यायचं काम मी सहा वर्षं केलं, असं सांगितलं की माणसं आधी माझ्याकडं बघतात आणि मग हसतात. बाहेरून रंग देतात हे त्यांना पटतं. घराला देतात, बैलाच्या शिंगांना देतात, म्हातारपणी मिशांना देतात. पण काचेच्या आत, जिथं बोटसुद्धा जात नाही, तिथं रंग कशाला? आमच्या कमलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, पहिल्याच दिवशी हे विचारलं होतं आणि उत्तरही तिनंच दिलं होतं. "रिकामा न्हावी अन् भिंतीला तुंबड्या."

रिकामा तर मी होतोच. जालन्यात मस्तगडला माझं बोर्ड रंगवायचं दुकान होतं. किराणा, सायकल मार्ट, दातांचा दवाखाना, बियाण्यांची दुकानं, सगळ्यांच्या पाट्या माझ्या हातच्या. ओळीतल्या शेवटच्या अक्षराची शेपटी मी जरा लांब ओढून खाली वळवायचो. ती माझी सही. लोक रस्त्यानं जाताजाता म्हणायचे, ही पेंटरची पाटी. मग फ्लेक्स आले. संध्याकाळी फोटो द्या, सकाळी तुमचं तोंड चौकात. माझ्या ब्रशाला विचारतो कोण? दुकान सोडलं आणि सामान घरी आणून माळ्यावर टाकलं.

फोनवर एकदा कोणीतरी दिवा उघडून आतून काळा करताना बघितला. म्हटलं, ब्रश आणि धीर, दोन्ही आपल्यापाशी आहेत. भंगाराला आमच्याकडं तोटा नाही. तीन फुटके दिवे आणले आणि तिन्हीची वाट लावली. चौथा जमला.

काम कसं असतं ते सांगतो. गाडीच्या पुढच्या दिव्याची काच मागच्या डब्याला काळ्या चिकट मालानं चिकटवलेली असते. गरम केलं की तो माल गुळाच्या पाकासारखा मऊ होतो. मोठी दुकानं त्याला भट्टी वापरतात. माझ्याकडं आमची ज्वारीची पत्र्याची कोठी होती. ती आडवी केली, आत दोन कॉईल बसवल्या, कमलच्या नाकावर टिच्चून. दिवा आत ठेवायचा, दहा-बारा मिनिटं नजर हलवायची नाही. कमी तापला तर काच तडकते, जास्त तापला तर डबा वाकडा होतो. मग बाहेर काढून चपट्या पेचकसानं कडेकडेनं, लेकराच्या पायातला काटा काढावा तसं उघडायचं.

आत दोन गोष्टी असतात. एक आरसा, ज्याच्यावरून उजेड पुढं जातो. त्याला हात लावायचा नाही. बोटाचा ठसा उमटला तरी उजेड फाटतो. कितीतरी जण म्हणायचे, पेंटर, आरसाबी काळा करा. मी म्हणायचो, मंग कंदील लावा गाडीला. दुसरी असते ती आरशाभोवतीची चौकट. ती फक्त शोभेची. ती काढायची, घासायची, रंगवायची, वाळवायची आणि परत बसवायची. चौकटीला चार बारीक प्लास्टिकचे कान असतात, त्यांच्यावर ती डब्यात अडकते. हे कान म्हणजे आमच्या धंद्यातलं दुखणं. जुन्या गाडीचे कान उन्हानं कडक होतात आणि जरा जोर पडला की तुटतात.

सहा वर्षांत नमुने बघितले म्हणता! एका पक्षाच्या कार्यकर्त्यानं दिवे आतून पक्षाच्या रंगाचे करून नेले. वर्षभरात तो परत आला. साहेबांनी पक्ष बदलला होता. नवा रंग दिला. आठ महिन्यांनी पुन्हा दारात. मी म्हटलं, "भाऊ, आता पांढरा द्या. कुठंबी चालतो." तो हसला नाही. म्हणाला, "पांढरा दिला तर लोक म्हणतील, ह्याचं कुठंच न्हाई."

आणि एक गृहस्थ होते अंबडकडचे. मुलीच्या लग्नात नवरीची गाडी म्हणून त्यांनी दिवे हळदीच्या रंगाचे करून घेतले. इतके खूश की कोठीपाशी बसून डोळ्यांत पाणी आणलं. तीन महिन्यांनी आले ते खुर्चीवर बसूनच राहिले. मुलगी माघारी आली होती. "हे काढा," म्हणाले. कोणता रंग देऊ विचारलं, तर म्हणाले, "कोणाला दिसणार न्हाई असा." मी काळा दिला. पाणी विचारायचंसुद्धा मला त्या दिवशी सुचलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते भास्करचं. बाकीचं सगळं मी इतका वेळ लांबण लावायला लिहितोय.

भास्कर भोकरदनचा. आमच्या नात्यातला नव्हे, पण आमच्यातला. त्याच्या वडिलांची न् माझी ओळख, त्यामुळं मला काका म्हणायचा. त्याच्याकडं स्वतःची पांढरी गाडी होती आणि रोज चार शिक्षिकांना तो जालन्याहून भोकरदनला नेऊन आणायचा. अप-डाऊन म्हणतात त्याला आमच्याकडं. चार घरच्या बायका रोज विश्वासानं बसतात, त्या गाडीवाल्याला नावाला जपावं लागतं. भास्कर जपायचा. सुपारीसुद्धा खायचा नाही. गाडी नवी होती तेव्हा त्याच्या आईनं सांगितलं, गाडीला तीट लाव. बाहेर काळं लावलं तर शिक्षिका हसतील म्हणून तो माझ्याकडं आला. "काका, आतून काळं करा. नजरबी लागायची न्हाई अन् दिसायलाबी बेस."

त्याच आठवड्यात सर आले. सर म्हणजे गणिताचे क्लास घेणारे. त्यांचं नाव लिहीत नाही. माझ्या मुलीला त्यांनी दोन वर्षं फुकट शिकवलं, ती आज नर्स आहे. त्यांच्या ओळखीनं मला दहा-पंधरा गाड्या तरी मिळाल्या असतील. त्यांची गाडी भास्करच्या गाडीसारखीच, त्याच कंपनीची, तशीच पांढरी, आणि त्यांनाही आतून काळंच हवं होतं. माणूस चिकित्सक. कडेवरून बोट फिरवून बघणारा.

दोन सारख्या गाड्यांचे चार दिवे घरात उघडे पडले की कोणाचं कोणतं ते कळत नाही. म्हणून मी चौकटीच्या मागच्या बाजूला, जी कधीच कोणाला दिसत नाही, तिथं पांढऱ्या ऑइलपेंटनं बारीक ब्रशानं लिहून ठेवायचो. उ. म्हणजे उजवा, डा. म्हणजे डावा, आणि पुढं गिऱ्हाइकाचं नाव. खरं तर पेन्सिलीनंही चाललं असतं. पण हात शिवशिवायचे हो! पाट्या गेल्या होत्या. दिवा बंद झाला की कोण वाचणार होतं? तरी मी शेवटच्या अक्षराची शेपटी ओढायचो.

सरांच्या डाव्या दिव्याची रंगवलेली चौकट परत बसवताना खालचा कान तुटला. टक् असा आवाज आला. सर बाहेर ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. कान मी चिकटवला. पण जोडायचा गोंद बाहेर आला आणि कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग पडला. काळ्यावर पांढरा. सरांच्या बोटाला तो लागलाच असता.

शेजारी भास्करची डावी चौकट वाळत होती. धड, चारही कान शाबूत.

मी काय केलं ते तुम्हाला कळलंच असेल. भास्करची सरांच्या दिव्यात बसवली आणि सरांची, तुटकी, चिकटवलेली, भास्करच्या. मागची नावं पुसायला थिनरचा एक बोळा पुरला असता. पण सर घाई करत होते, आणि मागं बघतंय कोण? मनाशी म्हणालो, भास्कर काय आपलाच माणूस, त्याला कुठं कळतंय. हे वाक्य मी मनात अगदी प्रेमानं म्हणालो होतो. कमल दाराशी होती, तिनं बघितलं. 

भास्कर गाडी घेऊन गेला तेव्हा त्यानं वाकून मला नमस्कार केला.

ह्याला दोन वर्षं होऊन गेली. मी ते विसरलो. खरंच विसरलो. इतक्या गाड्या आल्या न् गेल्या.

एका दुपारी एक बाई घर विचारत आली. पस्तिशीची असेल, गळा मोकळा. हातात कापडी पिशवी. "तुमीच का ते पाट्यावाले पेंटर?" तिनं पिशवीतून जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली वस्तू काढली आणि माझ्या पुढ्यात धरली. काळ्या प्लास्टिकचा तुकडा, तळहाताएवढा. उलटा केला तर मागं पांढरी अक्षरं. पुढचा भाग तुटून गेलेला, राहिलेलं एवढंच, 'स्कर', आणि खाली ओढलेली शेपटी.

"हे अक्षर तुमचं हाये का दादा? तिकडं शहागडला एक पंक्चरवाला म्हन्ला, हे जालन्याच्या पेंटरचं अक्षर हाये. पूर्वी त्याच्या दुकानावर तुमची पाटी व्हती म्हनं."

आता मी काय सांगू तुम्हाला? मला आनंद झाला. पाट्या जाऊन इतकी वर्षं झाली, आणि साठ-सत्तर किलोमीटरवरचा माणूस नुसत्या शेपटीवरून मला ओळखतो! मी तुकडा उजेडाकडं धरला आणि म्हणालो, "माझंच की! असा हात दुसऱ्या कोणाचा दाखवा बरं. हा भास्कर. भोकरदनचा भास्कर, अप-डाऊन करतो तो." विचारलं नाही, सवरलं नाही. तिच्याकडं लिहायला काही नव्हतं, तर त्याचा फोन नंबर मीच कागदावर लिहून दिला. चांगल्या अक्षरात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण हात माझा आणि अवलक्षण दुसऱ्याचं.

कागद देऊन झाल्यावर मी विचारलं, "का हो ताई? काय काम होतं?"

ती म्हणाली, "त्यानं माझा मालक मारला."

तिचं नाव सुमन. नवरा शहागडला हायवेच्या कडेला मोसंबीचा गाडा लावायचा. दिवेलागणीला गाडा आवरत असताना एक पांढरी गाडी त्याला उडवून गेली. थांबली नाही. नंबर कोणी बघितला नाही. पोलिसांनी काचा गोळा करून नेल्या. हा तुकडा दुसऱ्या दिवशी तिला मोसंब्यांच्या ढिगात सापडला. मागं लिहिलेलं बघून तिनं तो पदराखाली घातला आणि दुकानादुकानातून विचारत फिरली. बारा दिवस. "पोलिसायला दिला असता तर कुठंतरी पडून राह्यला असता," ती म्हणाली. मग कागदाची घडी घालून उठली आणि माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी पाय मागं घेतले.

दोन दिवसांनी भास्करचा फोन. आवाज ओळखू येईना. "काका, पोलिसायनी माझी गाडी नेली. मी त्या टायमाला भोकरदनात व्हतो, आईला दवाखान्यात घेऊन गेल्तो. कोणी ऐकून राह्यलं न्हाई. तुमी सांगा ना त्यायला!"

मला ठाण्यावर बोलावलंच होतं, अक्षर ओळखायला. आवारात लिंबाखाली भास्करची गाडी उभी. दोन्ही दिवे धड. मला वाटलं, चला, सुटला. पण जमादार म्हणाले, "धड असणारच. दोन आठवडे झाले, नवा बसवला असंल. मामा, तुम्ही फक्त अक्षर तुमचं का ते सांगा."

मी डाव्या दिव्यापाशी बसलो. काचेवर खडीचे जुने ओरखडे. कडेला माझ्याच हातचा चिकट माल. हा दिवा नवा नव्हता. आणि मग काचेतून, खालच्या कोपऱ्यात, मला तो दिसला. ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग.

सगळं एका क्षणात आठवलं. ओट्यावरची खुर्ची, टक् आवाज, वाळत ठेवलेली चौकट. सुमनच्या पिशवीतली चौकट भास्करची होती, पण ती भास्करच्या गाडीत कधी बसलीच नव्हती. ती सरांच्या गाडीत होती. आणि हे, कमल सोडली तर, जगात फक्त मला ठाऊक होतं.

"अक्षर तुमचंच ना?" जमादारांनी पुन्हा विचारलं.

"माझंच," मी म्हणालो. आणि गप्प बसलो.

खोटं मी एक अक्षर बोललो नाही. हेच मी वाटभर स्वतःला सांगत आलो.

दुसऱ्या दिवशी सरांच्या क्लासवर गेलो. गाडी दिसली नाही. सर फळा पुसत होते. मी नुसता दारात उभा राहिलो, तर त्यांच्या हातातलं डस्टर खाली पडलं. पोरं सुटल्यावर ते बाकावर बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "काहीतरी लागलं होतं पेंटर. मला वाटलं कुत्रं असेल. खरंच वाटलं. मग पेपरात वाचलं." जरा वेळानं म्हणाले, "तुमची मुलगी बरी आहे ना?" धमकी नव्हती ती. घाबरलेला माणूस जुन्या गोष्टी धरून उभा राहतो, तसं होतं. मी "बरी आहे" म्हणालो आणि निघून आलो.

सतरा दिवस मी तोंडाला कुलूप लावलं. लोकांना सांगताना मी म्हणतो, सरांचे उपकार होते म्हणून. तेही होतंच. पण आता खरं लिहायला बसलोच आहे तर लिहितो, उपकार दुसऱ्या नंबरला होते. पहिली होती लाज. डाव्या दिव्याचं सांगायचं म्हणजे कान तुटल्याचं सांगायचं, आणि एकाचा धड माल काढून दुसऱ्याला घातल्याचं सांगायचं. मस्तगडचा पेंटर असलं करतो! साठी ओलांडली, अंगावर डाग नाही म्हणून मिरवत होतो. त्या दाण्याएवढ्या डागापायी एक माणूस आत जात होता आणि मी माझा सदरा झटकत बसलो होतो.

भास्करला जामीन मिळाला, पण शिक्षिका दुसऱ्या गाडीनं जायला लागल्या. त्यांचंही काय चुकलं? माणूस उडवून पळाला म्हणतात, त्याच्या शेजारी बसून रोज जायचं कसं? सुमन एकदा ठाण्याच्या दारात त्याच्या अंगावर धावून गेली म्हणे, तळतळाट दिले. त्याची आई तिथंच उभी होती. हे मला भास्करनंच फोनवर सांगितलं. रडत नव्हता. एवढंच म्हणाला, "काका, तुमच्या अक्षरानं गेलो मी. पण तुमचा काय दोष? तुमी तर खरंच सांगितलं."

त्या दिवशी मी अर्ध्या जेवणावरून उठलो. ताट तसंच ठेवून मी कमलला सगळं सांगितलं. तिला चौकटीचं ठाऊक होतंच, बाकीचं नव्हतं. मला वाटलं ती सरांचं नाव काढील, पोरीचं काढील. तिनं ताट उचललं, उष्टं एका बाजूला केलं आणि म्हणाली, "धड होतं ते सरायला लावलं, तुटकं होतं ते भास्करला. आता शिक्षाबी तशीच वाटून राह्यलात का?"

 ती पुन्हा म्हणाली, "दिवा काय तुमी फोडून टाकला का? बंद केलाय. उघडा की मंग."

सकाळी गरम हवेची बंदूक, पेचकस आणि हातमोजे पिशवीत घालून मी ठाण्यावर गेलो. जमादारांना म्हटलं, साहेबांना बोलवा, भास्करला बोलवा, त्या बाईंनाही बोलवा. सगळ्यांसमोर दिवा उघडायचाय. त्यांना वाटलं म्हातारा सरकलाय. पण बोलावलं. पंच म्हणून दोन दुकानदार धरून आणले. लिंबाखाली टेबल, त्याच्यावर दिवा, आणि खिडकीतून ओढलेली वायर.

हजारदा केलेलं काम. पण पेचकस दोनदा निसटला. बंदूक फिरवत होतो तशी काचेच्या कडेनं वाफ येत होती, रबर जळाल्याचा वास येत होता.  काच सुटली. मी चौकट काढली आणि उलटी करून टेबलावर ठेवली.

मागं लिहिलेलं होतं, 'डा. सर'. शेपटी खाली ओढलेली.

मग मी सगळं सांगितलं. कोणते सर, कोणती गाडी, कोणत्या दिवशी, का. साहेबांनी एकच विचारलं, "इतके दिवस का बोलला नाहीत?" मी म्हटलं, "लाज वाटली." त्यांनी तसंच लिहून घेतलं. माझ्या सगळ्या आयुष्याचा जबाब दोन शब्दांत झाला.

सुमन उठली. मला वाटलं मला मारील, मारायलाच हवं होतं. पण ती माझ्यासमोरून सरळ भास्करकडं गेली आणि त्याच्या पुढं हात जोडले. "भाऊ, मी तुला लई वाईट बोल्ले. तुझ्या मायला बोल्ले." तिचा नवरा गेला, आणि माफीही तिलाच मागावी लागली. भास्कर "असू द्या ताई, असू द्या" म्हणत राहिला. जाताना ती माझ्यापाशी थांबली. "दादा, मी तुमच्या पाया पडत व्हते," एवढंच म्हणाली.

भास्कर टेबलापाशी आला. तो नावाकडं बघेल असं मला वाटलं होतं. त्यानं चौकट हातात घेतली आणि चिकटवलेल्या कानावर अंगठा फिरवला. सरांनी फिरवला असता तसाच.

"हे तुटकं व्हतं का काका?"

मी मान हलवली.

"मला सांगायचं व्हतं ना," तो म्हणाला. "तसंबी घेतलंच असतं मी. तुमच्या हातचं व्हतं."

त्यापेक्षा त्यानं कानाखाली वाजवली असती तर मी आज बरा असतो.

पुढचं थोडक्यात. सरांवर खटला चालू आहे, त्याच्याबद्दल जास्त लिहिणं बरोबर नाही. सुमनला निदान कोणाविरुद्ध दावा लावायचा ते नाव मिळालं. माझी मुलगी महिनाभर माझ्याशी बोलली नाही, मग बोलली, पण सरांचा विषय घरात निघत नाही. मी काम बंद केलं. लोकांनी बंद करायला लावलं असं नाही. उलट बऱ्याच जणांना वाटलं की पेंटर शेवटी खरं बोलला. हे ऐकलं की मला उठून जावंसं वाटतं. कोठी कमलनं घासून पुसून उभी केली, पण तिच्यात ज्वारी भरायला तिचा धीर होत नाही. रंगाचा वास जात नाही म्हणते.

भास्कर पूर्ण सुटला, कागदावर तर डाग राहिला नाही. पण त्या चार शिक्षिका परत आल्या नाहीत. त्यांना दुसऱ्या गाडीची सवय झाली होती. आता तो मिळेल ते भाडं मारतो.

मागच्या महिन्यात भोकरदन नाक्यावर त्याची गाडी दिसली. डावा दिवा पोलिसांकडं पुराव्यात अडकला, म्हणून त्यानं बाजारातून नवा आणून बसवलाय. कारखान्यातून येतो तसा, आतून चांदीसारखा चकचकीत. उजवा माझ्या हातचा, काळा. एक डोळा काळा, एक पांढरा. मला बघवेना. मी खिडकीपाशी गेलो आणि म्हटलं, "भास्कर, ये ना घरी. तेवढ्या एका दिव्यासाठी मी काम पुन्हा सुरू करतो. जोडीला लावून देतो. काम धड करीन."

त्यानं गाडी बंद केली, खाली उतरला, आणि आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं बघत उभे राहिलो. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो आधीपासूनच नव्हता.

"राहू द्या काका," तो म्हणाला. "असं असलं की ही गाडी कोणाची, ते लोकायला बराबर कळतं."